धोलावीरा: गाडी काढा आणि निघा, तयारी कसली करताय

कच्छमधलं हे प्राचीन शहर पुण्याहून हजारेक किलोमीटर आहे, म्हणजे काय फार नाही, तेव्हा पहिला नियम असा की मे महिना निवडा. हिवाळ्यात काय, कुणीही जातं. आणि पोचायचं दुपारी दोनला, कारण कच्छच्या उन्हात साडेचार हजार वर्षं जुन्या भिंतींकडे बघताना जी चक्कर येते ना, ती इतिहासाची आहे असं पोरांना सांगता येतं. टोपी घेऊ नका, फोटोत केस दिसत नाहीत.

पेट्रोल भुजला भरू नका. पुढे मिळेलच की! खावडा गाव मागे गेलं की दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र रण, मधून सरळसोट काळा रस्ता, आणि इथे प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो, की रस्ता सोडून गाडी खाली उतरवली तर रील काय भारी होईल. उतरवा, बिनधास्त. मीपण उतरवली होती. वर मिठाची पापडी असते, टणक वाटते, पापडासारखी कुडकुड वाजते, आणि तिच्याखाली काळा चिखल असतो हे मला पुढची दोन्ही चाकं आत गेल्यावर कळलं. ट्रॅक्टरवाले काका आले, गाडीकडे बघितलं, मग माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, आणि काही न बोलता दोर सोडायला लागले. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

साइटवर पोचलात की पहिला प्रश्न हाच विचारा, "मेन मंदिर कुठंय?" नाहीये. ते हडप्पा संस्कृतीचं शहर आहे, २०२१ ला जागतिक वारसा यादीत आलंय, पण तुम्ही निराश व्हा, मोठ्याने व्हा. खोदकामावर राबलेला एखादा माणूस गाईड म्हणून भेटलाच तर तो बोलत असताना रेंज शोधत फिरा. तो सांगेल की मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांना बांध घालून पाणी वळवलं होतं, पूर्वेचा एक हौद ७३ मीटर लांब नि १० मीटर खोल, आत उतरायला पायऱ्या, बाकीचे हौद वेगळेच. पावसाळ्यापुरते ओढे वाहायचे आणि त्यावर अख्खं शहर जगायचं. हे सगळं ऐकत असताना बिसलेरीची अर्धी बाटली तोंडावर ओता आणि उरलेली तिथेच ठेवून या, पुढच्या उत्खननाला उपयोगी पडेल.

उत्तर दरवाज्यापाशी दहा अक्षरांची पाटी सापडली होती, जिप्समचे तुकडे जोडून केलेली, एकेक अक्षर वीतभराहून मोठं. ती अजून कुणाला वाचता आलेली नाही. आपली 'बंटी ❤ पिंकी' मात्र लगेच वाचता येते, त्यामुळे किल्लीने ती तिथल्या दगडावर जरूर कोरा, लिपीच्या अभ्यासकांची तेवढीच सोय.

आणि खाली पडलेलं खापर दिसलं तर खिशात टाका. हात लावू नका असा बोर्ड असतो, पण बोर्ड दुसऱ्यांसाठी असतात. घरी आणून शोकेसमध्ये ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत आई ते उचलेल, उलटसुलट बघेल आणि विचारेल, "हे कुंडीचं फुटकं आहे ना रे, फेकू?"