हक्क घालवण्याची रीत: झाडीपट्टीच्या नवलेखकासाठी

भाऊ, तुम्ही झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीसाठी नाटक लिहिलंत, अभिनंदन. पण एक घोटाळा करून बसलात. वहीत शेवटचा पडदा पडला त्याच क्षणी त्या नाटकाचं कॉपीराइट तुमच्या नावावर झालं. अर्ज नाही, शिक्का नाही, तहसीलची फेरी नाही. नोंदणी हवीच असेल तर दिल्लीच्या कार्यालयात पाचशे रुपयांत होते, पण ती केली नाही तरी हक्क तुमचाच. १९५७ च्या कायद्याने तो परस्पर तुमच्या गळ्यात घातला आहे, आणि तुमच्या मागे आणखी ६० वर्षं तो लेकरानातवांना पुरणार. हे लचांड सोडवायचं कसं, ते सांगतो.

आधीच सांगतो, सोपं नाही. कायदा मोठा चिवट आहे आणि लेखकाच्या बाजूने हट्टाने उभा राहतो. त्याला हरवायला तुम्हालाच झटावं लागेल.

पहिलं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जा. दिवाळीच्या सुमारास नाट्यमंडळांच्या ऑफिसात गावोगावची मंडळी नाटक बुक करायला आलेली असतात, कोणाला मंडईच्या जत्रेसाठी हवं असतं, कोणाला शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी. मालक घाईत असतो. अशा वेळी भावनेच्या भरात नुसतं ‘घ्या, हे नाटक तुमचंच’ म्हणून मोकळे व्हाल, तर फसाल. हक्क दिला असं ठरायला लेखी कागद आणि तुमची सही लागते. मालकाने पाकीट दिलं म्हणून नाटक त्याचं होत नाही, कारण तुम्ही त्याचे पगारी नोकर नाही. (गावातल्या फोटोवाल्याचं नशीब पाहा. लग्नाचे फोटो तो काढतो, पण पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर त्यांचा पहिला मालक यजमान! तुम्हाला ही सोय नाही.) तेव्हा कागदाचा आग्रह धरा. मालक म्हणेल, “काहून टेन्शन घेता भाऊ, आपल्यात कागद कायचा?” मागे हटू नका. स्टॅम्प पेपर स्वतःच घेऊन जा, खाली सही करा आणि वरचा भाग कोरा ठेवा.

कोरा का, तर साधा सरळ करार केला की कायदा त्यात नाक खुपसतो. मुदत लिहायची राहिली तर पाचच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. घेतलेला हक्क मालकाने वर्षभरात वापरलाच नाही, आणि करारात दुसरं काही ठरलेलं नसेल, तर तो हक्क आपोआप तुमच्याकडे परत! म्हणून कोऱ्या जागेत मालकाला सुचेल ते लिहू द्या: कायमचं, अवघ्या जगासाठी, वापरलं न वापरलं तरी. आणि ‘पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत’ हे शब्द त्याला आठवणीने घालायला सांगा. करार झाला तेव्हा जे माध्यम चालू नव्हतं त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते करारात येत नाही, अशी मेख २०१२ च्या दुरुस्तीत मारून ठेवली आहे. जुन्या लेखकांच्या वेळी यूट्यूब नव्हतं, म्हणून ते नकळत वाचले असतील. तुम्ही वाचू नका.

त्याच दुरुस्तीने आणखी एक खोडा घातलाय. तुमच्या नाटकातलं गाणं ध्वनिमुद्रित होऊन विकलं गेलं, तर रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा तुम्हाला सोडताच येत नाही. लिहून दिलं तरी सुटत नाही. यावर एकच इलाज: मागायचाच नाही. न मागणाऱ्याला कोणताही कायदा देऊ शकत नाही, आणि मागायला आपल्याला तशीही लाज वाटते. शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी तीन पिढ्या कोर्टात चकरा मारणारे आपण, तीन अंकांच्या नाटकासाठी ‘जाऊ द्या ना बावा’ म्हणतो.

नाव हीसुद्धा अशीच न सुटणारी गोष्ट. सगळे हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का देणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. तेव्हा बाप शेवटचे श्वास मोजत असताना मधेच लावणी घातली, तर पब्लिकच्या शिट्ट्या मोजा आणि गप्प राहा. संहितेची झेरॉक्स मात्र ठेवू नका. एकुलती एक वही नटांना वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरकडे असू द्या. तालमी कमी आणि भिस्त त्याच्यावर, त्यामुळे ती त्याच्याजवळच शोभते.

आता दुसऱ्यांच्या मालाविषयी. हुंडा, सावकार, सरपंचाचा पोरगा हे विषय कोणाच्या बापाचे नाहीत. कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटककारानेच लढलेल्या खटल्यात सांगितलं (तो हरला). पण एवढी सवलत असताना तुम्ही कष्ट का घ्यावेत? अख्खा प्रवेश उचला. दंडार या लोकनाट्यातलं परंपरेचं गाणं कोणीही गावं, तसंच कालपरवाच्या कवीचं गाणंही ‘लोकगीत’ म्हणून खपवा. संतांचं भजन जुनंच असणार, असं धरून चला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे ६० वर्षं २०२८ संपताना पुरी होतात, हा हिशेब करत बसू नका. आणि कोणी हटकलंच तर म्हणा, “मंदिराच्या कळसासाठी नाटक आहे.” धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी खरोखरच सूट आहे, फक्त ती हौशी मंडळाला आहे. तिकीट लावून रात्रभर चालणारी व्यावसायिक कंपनी हौशी कशी, हे विचारणारा अजून झाडीत उगवायचा आहे.

शेवटी, कोर्टाची पायरी चढू नका. ‘मुंबईले कोन जाईन’ हे कारण चालायचं नाही बरं का. तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा न्यायालयात दावा टाकता येतो, मग ते गडचिरोली असो की भंडारा. जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र ठरवला. म्हणजे ठाणेदाराला ‘आमच्याकडे हे येत नाही’ म्हणायची सोय नाही. गेलात तर तो बिचारा अडचणीत येईल. कशाला?

त्यापेक्षा येत्या हंगामात तुमचंच नाटक दुसऱ्या नावाने गावात आलं, तर तिकीट काढून जा. पुढची रांग घ्या. तिथे प्रॉम्प्टर चांगला ऐकू येतो, आणि त्याचं पान हरवलं तर पुढचं वाक्य सांगायला कोणीतरी जवळ हवं.