रोममध्ये बडा माणूस व्हायचंय? आधी मोजायला शिका

तर मंडळी, तुम्ही प्राचीन रोममध्ये एखाद्या सिनेटरच्या, म्हणजे राज्य चालवणाऱ्या सिनेट या सभेतल्या बड्या माणसाच्या घरात जन्माला आलात असं धरून चालू. नसाल आलात तर पुढचं वाचूच नका, पहाटे उठून टोगा, म्हणजे अंगाभोवती घ्यायचं ते लांबलचक रोमन वस्त्र, गुंडाळा आणि कुणातरी बड्या साहेबाच्या दारात हजेरी लावायला पळा, उशीर होतोय.

पहिली गोष्ट, मताचा हक्क सगळ्यांना द्या. अगदी बिनधास्त द्या हो! फक्त मोजायचं माणसांनी नाही, गटांनी. एकूण गट १९३, त्यातले घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे ८०, झाले ९८, आणि बहुमताला लागतात ९७. मतदान वरून सुरू करायचं, बहुमत झालं की थांबवायचं. ज्यांच्याकडे पोराबाळांशिवाय काहीच नाही अशा सगळ्यांना मिळून एक गट, तोही सगळ्यात शेवटी. त्यांचा नंबर येईपर्यंत निकाल लागून साहेब जेवायलाही बसलेले असतात.

तरीही लोक कधीकधी चिडतातच. इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जापायी बेड्या पडायला लागल्या म्हणून प्लेबियन, म्हणजे सामान्य घरातले सैनिक लढाई सोडून सरळ डोंगरावर जाऊन बसले. अशा वेळी एखादा गोडबोल्या पाठवायचा. मेनेनियस अग्रिप्पाने जाऊन गोष्ट सांगितली म्हणे, की हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला आणि सगळं शरीरच वाळलं. पोट कोण हे सांगायची गरज पडली नाही. गोष्ट फुकटात झाली, पण ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांच्या बाजूने बोलणारे अधिकारी, मात्र द्यावे लागले, तेवढा खर्च धरून चाला.

जमिनीवर सीलिंग येईल, घाबरू नका. इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने सरकारी जमिनीची मर्यादा ५०० युगेरा केली, म्हणजे ३०० एकरांच्या थोडं वरच. ज्याने हा कायदा आणला त्या लिसिनियस स्टोलोनेच पुढे पोराला कागदोपत्री वेगळं काढून दोघांच्या नावावर मिळून १००० केली. पकडला गेला, दंड झाला, तोही स्वतःच्याच कायद्याखाली. आयडिया चांगलीच होती, फक्त कायदा आणणाऱ्याने स्वतः वापरायची नसते.

चाळींमध्ये पैसा जरूर घाला. सिसेरो या नामवंत वक्त्या-सिनेटरची दोन दुकानं कोसळली, बाकीच्यांना तडे गेले, तेव्हा त्याने मित्राला लिहिलं की भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा पळून गेले. पुढे लिहितो की याला मी गैरसोयही म्हणत नाही, आणि पुन्हा बांधताना यातून फायदाच कसा निघेल त्याचा प्लॅनही तयार! आत कोण राहत होतं ते पत्रात येत नाही, तुम्हीही विचारू नका.

आणि गुलामांना युनिफॉर्म अजिबात देऊ नका. सिनेटमध्ये एकदा तसा ठराव आला होता, मग कुणाच्यातरी डोक्यात प्रकाश पडला की सगळ्यांना एकसारखे कपडे दिले तर ते आपल्याला मोजायला लागतील. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने हे लिहून ठेवलंय, आणि मला तर अख्ख्या रोमन इतिहासात याहून प्रामाणिक भीती सापडलेली नाही.

एवढं करूनही कुणी जमीन वाटायला निघालाच, तर सरळ बाकं मोडा. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकसला सिनेटरांनी मोडक्या बाकांच्या पायांनी मारलं, सोबत ३०० च्या आसपास माणसं, प्रेतं टायबर नदीत. १२ वर्षांनी धाकटा भाऊ गायस उठला, तेव्हा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी असलेल्या ओपिमियसने त्याच्या डोक्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर केलं. डोकं आणणाऱ्याने आधी मेंदू काढून आत शिसं ओतलं आणि काटा सतरा रोमन पौंडांच्या वर नेला, असं चरित्रकार प्लूटार्क सांगतो. बघा, गरिबांसाठी बोलणारा माणूससुद्धा बाजारात किती वजनदार ठरतो, थोडी मेहनत घेतली की झालं.

त्या वेळी ३००० माणसं मेली. त्यानंतर ओपिमियसने फोरमजवळ, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळ, काय बांधावं? एकोप्याच्या देवीचं मंदिर! तुम्हीही बांधा, छान दिसतं. फक्त रात्री पहारा ठेवा, कारण त्या मंदिरावरच्या लेखाखाली एका रात्रीत कुणीतरी एक ओळ वाढवून गेलं, की वेड्या भांडणानेच हे एकोप्याचं मंदिर उभारलंय. लिहिणारा सापडला नाही. टोगा सगळ्यांचे सारखेच असतात ना.