हिस्ट्री पुसल्यानं सर्व्हर सेफ होत नाही

आठ-दहा दिवस झाले, लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. काम झालं की 'हिस्ट्री मायनस सी' मारून टाईप केलेल्या कमांडची यादी पुसा, ती यादी किती ओळींची ठेवायची ते सांगणारं 'हिस्टसाइझ' कायमचं झिरो करा, म्हणजे हॅकरला पासवर्ड सापडणार नाही, सर्व्हर फास्ट राहील, आणि कुणी काय केलं ते तसंही लॉगमधी, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदीत, असतंच. मी लातूरच्या मोंढ्यातल्या दोन-तीन आडत दुकानांचे सर्व्हर बघतो, आणि हे वाचून नवीन पोरं खरंच तसं करायलेत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे पासवर्ड. हिस्ट्रीत पासवर्ड सापडतो हे खरंय, पण तो तिथं जातो काहून? आपण कमांडमधीच टाईप करतो म्हणून. तसा टाकलेला पासवर्ड कमांड चालू असेपर्यंत बऱ्याचदा 'पीएस' (चालू कमांड दाखवणारी कमांड) मारणाऱ्या दुसऱ्या युजरलाही दिसतो, तिथं हिस्ट्री पुसून काय होणार? मायएसक्यूएल डेटाबेसला नुसतं 'मायनस पी' द्या, तो स्वतः विचारतो. स्क्रिप्टसाठी होम फोल्डरमधी 'डॉट माय डॉट सीएनएफ' फाइल करून पासवर्ड तिच्यात ठेवा आणि तिला ६०० परमिशन द्या, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येते. चुकून टाईप झालाच तर आधी पासवर्ड बदला, मग 'हिस्ट्री मायनस डी' आणि ओळीचा नंबर देऊन तेवढीच ओळ काढा, आणि 'हिस्ट्री मायनस डब्ल्यू' मारून फाइल परत लिहा, नाहीतर फाइलमधी गेलेली ओळ तशीच राहते. एका ओळीसाठी सगळी वही कशाला फाडायची.

आणि 'मायनस सी'नं चालू शेलच्या (आपल्या कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या, इथं बॅशच्या) मेमरीतली यादी जाते, डिस्कवरची 'डॉट बॅश हिस्ट्री' फाइल त्या कमांडनं पुसली जात नाही, म्हणजे ज्या भीतीपोटी हे करायचं ती भीती तशीच राहते.

फास्टचं तर सोडूनच द्या. उबंटू लिनक्समधी हिस्ट्रीच्या फाइलची मर्यादा मुळात २००० ओळींची असते, शे-दोनशे केबीच्या फाइलनं सर्व्हर स्लो होत नसतो.

आता लॉगमधी सगळं असतंच म्हणतात ते. 'सुडो' लावून रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिनच्या हक्कानं मारलेली कमांड 'ऑथ डॉट लॉग'मधी येते, बरोबर, पण एकदा 'सुडो मायनस आय' करून रूट झालात की आतमधी काय काय केलं ते तिथं येत नाही. त्यासाठी 'ऑडिटडी' हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम बसवून नियम लिहावे लागतात, आणि आमच्याकडच्या छोट्या सर्व्हरवर ते कुणी केलेलं मी तरी बघितलं नाही.

मागच्या सोयाबीनच्या सीझनला एका दुकानाचा बॅकअप बंद पडला. मुनीमजींचा फोन आला, "दादा, पेनड्राइव्हवर परवापासून काहीच यिना गेलंय." स्क्रिप्ट जागेवर, डिस्कला जागा, पण क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) रिकामा. रूटची हिस्ट्री उघडली तर ओळ समोरच होती, परवा संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी 'क्रॉनटॅब मायनस आर'. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी, तिथं काम करणाऱ्या पोराला मायनस ई म्हणजे एडिट करायचं होतं आणि मायनस आर काही न विचारता सगळं उडवून देतो. त्याच्या वरच स्क्रिप्ट हातानं टेस्ट केल्याची ओळ होती, पूर्ण पाथसकट, तीच परत क्रॉनमधी टाकली आणि पाच मिनिटात काम झालं. त्यानं असला मेसेज वाचून 'हिस्टसाइझ' झिरो केलं असतं तर आम्ही रात्रभर डिस्कवर संशय घेत बसलो असतो.

ही वेळ दिसली ती कमांडची वेळ नोंदवणारा 'हिस्ट टाइम फॉरमॅट' आधीच सेट होता म्हणून. तो लावायच्या आधीच्या कमांडची खरी वेळ नंतर मिळत नाही, तवा आजच लावा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, हिस्ट्री पुरावा नाही. फाइल युजरच्या स्वतःच्या मालकीची असते, मनात आलं तर तो बदलू शकतो. पण आपल्या इथं चोरी पकडायची वेळ क्वचित येते, आधीचा पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्यानं काय करून ठेवलंय ते कुणालाच माहीत नाही, हे नेहमीचं आहे.

अजून एक, बॅश हिस्ट्री फाइलमधी लिहितो ते शेल बंद होताना. मधीच लाइट गेली आणि यूपीएसनं दगा दिला की त्या सेशनचं सगळं गेलं. म्हणून मी प्रत्येक कमांडनंतर आपोआप चालणाऱ्या 'प्रॉम्प्ट कमांड'मधी 'हिस्ट्री मायनस ए' टाकून ठेवतो, एक कमांड संपली की लगेच फाइलला जाते, आणि 'हिस्टसाइझ' झिरो नाही, १०००० ठेवतो.