फी भराल हो, पण भाडं?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी माझा फोन वाजायला लागतो. "तू त्या लाइनमध्ये आहेस ना, जरा आमच्या चिरंजीवांशी बोल." चिरंजीवांना फिल्ममेकिंग शिकायचं असतं. (हल्ली चिरंजीवांइतक्याच कन्याही असतात, हे मला फार आवडतं.) दोन-तीन खासगी संस्थांची माहितीपत्रकं घरात येऊन पडलेली असतात, फी दहा लाखांच्या पुढे, आणि बाबा बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशीही करून आलेले असतात. मला फक्त "करा" म्हणायचं असतं.

मी एडिटर आहे. मालिका करते, मधूनमधून सिनेमा. शिकून आलेल्यांचं फुटेजही माझ्याकडे येतं, न शिकता आलेल्यांचंही. फरक असतो का? असतो, पण लोकांना वाटतो तिथे नाही. कॅमेरा, लेन्स, ड्रोन हे आता सगळ्यांनाच येतं. मला फरक कळतो शॉटच्या शेपटाला. नवखा दिग्दर्शक संवाद संपला रे संपला की "कट" ओरडतो. नटाच्या चेहऱ्यावर खरं जे यायचं असतं ते त्यानंतर येतं, आणि तोवर कॅमेरा बंद. मग मी कापू कुठे? तीच गत रूम टोनची. सगळ्या युनिटला गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची असते, पंख्याची घरघर आणि खालची रहदारी धरून. ती नसेल तर दोन वाक्यांच्या मधे आवाजाला खड्डा पडतो आणि प्रेक्षकाला कारण न कळता खटकतं. हे वर्गात शिकवतात. शिकलेले तरी विसरतात. पण आपलंच फुटेज आपणच रात्रभर बसून जुळवायची वेळ एकदा आली, की परत विसरत नाहीत.

म्हणजे शिकायला लागतं काय, तर वाईट काम करायची मोकळीक आणि ते निस्तरायला वेळ. आणि मुंबईत वेळ म्हणजे भाडं.

म्हणून मी हल्ली फोनवर पहिला प्रश्न विचारते तो "आवड आहे का" हा नाही. आवड सगळ्यांनाच असते. मी विचारते, राहणार कुठे? मुंबईत आईवडिलांचं घर असणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती आहे. मग ते डोंबिवलीत का असेना, आणि मुलगा हॉलमध्ये सोफ्यावर झोपत का असेना. ज्यांना ती मिळालेली असते त्यांच्या लेखी ती नसतेच, कारण सकाळचा चहा आयता मिळतो.

फाळक्यांचंच बघा. गडी जे.जे.मध्ये शिकला, फोटोग्राफी आणि छपाईत हात काळे केले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र बघून आला, कॅमेरा घेऊन आला. त्यासाठी विमा पॉलिसी गहाण पडली. हे आपण शाळेपासून ऐकतो. पण दादरच्या बंगल्यात अख्खं युनिट राहत होतं, जेवत होतं. त्या सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या आणि वर फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही (त्यांशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नाही) त्यांच्याकडे होतं. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तो या घराच्या जिवावर. आजही प्रत्येक "स्ट्रगल" करून वर आलेल्याच्या मागे कुणीतरी डबा भरणारं असतं. मुलाखतीत त्याचं नाव येत नाही, एवढंच.

फिल्म स्कूल न करता मोठं काम केलेल्यांची उदाहरणं मुलं मला तोंडावर फेकतात. 'कोर्ट' करणारा चैतन्य ताम्हाणे कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेला? 'साबर बोंडं'च्या रोहन कानवडेने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळवलं, त्याचं शिक्षण इंटिरियर डिझाइनचं. खरंय. जब्बार पटेल तर बालरोगतज्ज्ञ. पण उलट बाजूही तितकीच खरी. पायल कपाडिया पुण्याच्या एफटीआयआयची, म्हणजे सरकारी फिल्म संस्थेची, २०२४ ची कान महोत्सवातली ग्रां प्री तिची. त्याच वर्षी कानमध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात पहिला आलेला चिदानंद नाईकही तिथलाच, आणि तो मुळात डॉक्टर! नागराज मंजुळेंच्या राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या लघुपटाची सुरुवात नगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज करताना झाली. उदाहरणांनी काहीच सिद्ध होत नाही. ज्याला जे हवं ते त्याला सापडतं.

माझं मत थोडं उलटं आहे. मुंबईच्या मुलाला फिल्म स्कूलची गरज कमी, बाहेरून येणाऱ्याला जास्त. पुण्याच्या संस्थेत तीन वर्षं डोक्यावर हॉस्टेलचं छप्पर असतं, जवळच जुने सिनेमे जपणारं नॅशनल फिल्म अर्काइव्ह, आणि रात्री दोन वाजता भांडायला तुमच्यासारखीच वेडी माणसं. लातूरहून आलेल्या मुलीला हे अंधेरीत एका खोलीत चौघीजणी राहून मिळत नाही. मात्र दिग्दर्शन, छायांकन, संकलन या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, आणि हे पन्नास टक्के पालकांना माझ्याकडूनच कळतं. तेव्हा बारावीनंतर घाई कसली? पदवी करा, कुठलीही.

आणि ती पदवी मुंबईत करत असाल तर शिक्षण फुकट पडलंय हो! प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून जगभरचे सिनेमे दाखवतंय. कॉलेजात एकांकिका आहेत, युवा महोत्सव आहे. एकांकिकेला मी फिल्म स्कूलच्या पहिल्या वर्षाइतकं मानते. नेपथ्य लावायला मोजून मिनिटं मिळतात, खिशात पैसे नाहीत, मुख्य नटाला आदल्या दिवशी ताप भरतो, आणि प्रेक्षागृह कंटाळलं तर तिथल्या तिथे खोकून सांगतं.

परवा मावसभावाशी याच विषयावर जुंपली. मुलगा अठरा वर्षांचा, घर ठाण्याला स्वतःचं, आणि बारा लाखांचं कर्ज काढून खासगी कोर्स करायचं ठरतंय. मी म्हटलं, "अरे, हप्ता पंधरा-वीस हजारांचा बसेल. मालिकेत दिग्दर्शकाचा थर्ड असिस्टंट म्हणून लागला तर बारा-बारा तास उभा राहील, मढ नाहीतर नायगावला शूटिंगला जाऊन-येऊन, आणि पैसे हातात पडणार नव्वद दिवसांनी. हप्ता थांबतो का नव्वद दिवस?" मग तो येईल ते काम घेणार. लग्नाचे व्हिडिओ, साबणाच्या रील्स, काहीही. त्या कामात कमीपणा नाही, मीही केलंय. पण स्वतःची फिल्म कधी करणार? त्यापेक्षा त्याला दोन वर्षं घरी राहू दे, महिना दहा हजार खर्चाला दे, आणि "काय करतोस" म्हणून विचारू नकोस.

"ताई, म्हणजे बारा लाख भरू नको आणि घरात बसवून पोसू?"

अगदी तेच. हिशेब केला तर बारा लाखांऐवजी अडीच लाखांत काम होतं. पण कोर्सला सर्टिफिकेट असतं, नातेवाइकांना सांगता येतं. घरी बसून लिहिणाऱ्या मुलाचं काय सांगणार? त्याची अडचण मला कळते, पण ती बापाची अडचण आहे, मुलाच्या शिक्षणाची नाही. तो अजून माझ्यावर रुसलेला आहे.

आता एक काम. आमच्या एडिटला असिस्टंट म्हणून एक मुलगी आहे, बीडकडची, हुशार, शांत. तिला गोरेगाव ते कांदिवली पट्ट्यात १ तारखेपासून खोली हवीये. तीन ठिकाणी "फिल्म लाइनच्या मुली नकोत, रात्री-अपरात्री येतात" म्हणून नकार मिळालाय. रात्री-अपरात्री येते हे खरंच आहे, एपिसोड पहाटे जातात. कुणाच्या ओळखीत शहाणे घरमालक असतील तर मला इनबॉक्स करा. डिपॉझिटचं मी बघते.