एक पाय बोटीत

दर उन्हाळ्यात तेच. डोंगरातलं तळ्याकाठचं गाव आणि आमची मंडळी उठणार साडेनऊला! सकाळी पाणी आरशासारखं असतं, तेव्हा हे अंथरुणात. कितीदा सांगितलं, ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, दरीतनं वारा वर येतो आणि दुपारी तळ्यावर लाटा उठतात. पण ऐकतंय कोण? मग भर उन्हात बोटीची रांग. आपला नंबर आला रे आला की शिट्टी. वारा वाढलाय, बोटिंग बंद! लाइफ जॅकेटचं बक्कल लावलेलं (जॅकेट आधीच्या माणसाच्या घामानं ओलंच), एक पाय बोटीत, आणि बंद.

वर, "इथं गार आहे, सनस्क्रीन कशाला?" अहो, हजार मीटर चढलं की हवा साधारण ६ अंशांनी गार होते, पण अतिनील किरणं १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. संध्याकाळी नाकाची सालटं निघाली की मग माझी पर्स उपसायची.

भाऊजींनी तर थेट उडीच मारली. वरचं पाणी कोमट, खाली बर्फ! ती किंकाळी पलीकडच्या काठावर ऐकू गेली असेल.

उद्या सहाला उठू म्हणालेत. गेल्या वर्षीही म्हणाले होते.