नव्या बक्कल नंबराला चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन. बक्कल नंबर मिळाला, म्हणजे तुम्ही पोलीस शिपाई झालात. नऊ महिने रगडा खाऊन तुम्ही दीक्षान्त संचलनापर्यंत पोहोचलात. प्रशिक्षण केंद्र खंडाळ्याचे असो, तुरचीचे, नानवीजचे की जालन्याचे, मैदान सगळीकडे सारखेच तापते. १७,४७१ जागांच्या २०२४ च्या भरतीला सतरा लाखांवर अर्ज आले होते. त्यातून धावून, गोळा फेकून आणि शंभर गुणांचा पेपर सोडवून तुम्ही वर आलात, म्हणजे तुमच्यात काहीतरी असणार. ते काय आहे हे कोणाला कळू देऊ नका. विशेषतः पदवी. या भरतीला बारावी पुरते, तरी स्क्वॉडमध्ये बीई, एमएस्सी, डीएड असे सगळे असतात. कवायत निर्देशकासमोर मात्र त्यांचे शिक्षण एकच: ‘ए तिसरा, हात वाकतोय!’

संचलनाच्या दिवशी तुमचे मुख्य काम उभे राहणे हे आहे. चालणे फार थोडे असते. रंगीत तालमीत प्रमुख पाहुण्यांच्या जागी एखाद्या हवालदाराला उभे करतात. तो पाहुणा घड्याळाच्या ठोक्याला येतो. खरा पाहुणा तसा येईल या भ्रमात राहू नका. त्याचे हेलिकॉप्टर अजून उडायचे असते, किंवा वाटेत कुठल्या तरी पुलाचे उद्घाटन निघते. तेवढा वेळ तुम्ही सावधान आणि विश्राम यांच्या मधल्या कुठल्याशा अवस्थेत उन्हात असता. गुडघे ताठ धरू नका. बुटात पायाची बोटे हलवत राहा, नाहीतर रक्त खाली उतरते आणि माणूस सरळ तोंडावर येतो. चक्कर आलीच तर मागच्या रांगेत यावी. पुढच्या रांगेतला पडला की स्ट्रेचर फोटोत येते आणि पेपरवाले संचलन सोडून त्याचीच बातमी करतात. पाहुणे आल्यावर उशिराबद्दल कोणी काही बोलणार नाही. वक्तशीरपणाचे धडे नऊ महिने तुम्हाला होते, त्यांना नव्हते.

भाषण ऐकताना चेहरा कोरा ठेवा. त्यात ‘खाकीची शान’ येईल आणि ‘मुलीही कुठे कमी नाहीत’ हे वाक्य येईल. ते म्हणताना पाहुणे कौतुकाने त्या मुलीकडे बघतील जिने नुकतीच सगळ्या परेडला कमांड दिली. पुढे हीच मुलगी कुणाच्या तरी सभेच्या बंदोबस्ताला दिवसभर चौकात उभी राहील आणि मैलभरात स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणी पिणार नाही. भाषणात हे नसते. भाषण चांगले असावे लागते.

मग टोपी. अलीकडे संचलन सुटले की टोप्या हवेत उडतात, नाच होतो, आईच्या डोक्यावर टोपी ठेवून फोटो निघतात. जुने हवालदार याला शिस्तीचा ऱ्हास म्हणतात आणि त्याच फोटोत मागे हसताना सापडतात. फोटो जरूर काढा. रील मात्र जपून, कारण जुलै २०२५ च्या शासन परिपत्रकाने कर्मचाऱ्यांच्या अशा हौसेवर बोट ठेवले आहे. गावात फ्लेक्स लागेल, ‘गावाची शान’ म्हणून. खाली शुभेच्छुकांचे चौदा चेहरे असतील. ते नीट पाहून घ्या. त्यातल्या दोघा-तिघांची ओळख पुढे ठाण्याच्या दप्तरात पुन्हा होईल. तेव्हा त्यांनीच फ्लेक्सचे पैसे दिले होते, हे ते तुम्हाला विसरू देणार नाहीत.

परंपरा बदलत नाहीत असे कोण म्हणतो? एकेकाळी मुंबईचा शिपाई निळ्या हाफ चड्डीत आणि पिवळ्या टोपीत फिरत असे; आता पूर्ण पँट आहे. २०२२ मध्ये फौजदारांपासून उपअधीक्षकांपर्यंतचा ट्यूनिक, म्हणजे समारंभाचा कोट, इंग्रजांची आठवण म्हणून काढून टाकला. त्याच वर्षी पोलीस नाईक हे पद गेले. ज्या १८६१ च्या कायद्यातून हे सगळे उगवले, तो सत्तावन्नच्या उठावानंतर राज्य सांभाळायला केलेला होता, पण ती आठवण ट्यूनिकइतकी डोळ्यांत भरत नाही. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणेचे सात निर्देश दिले. न्यायालयाने ‘तेज चल’ म्हटले, सरकारांनी ऐकलेही. जागच्या जागी कदमताल चालू आहे.

बिल्ल्यावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असते. यातला सत् कोण आणि खल कोण, हे वरून फोन येईपर्यंत स्वतःच्या बुद्धीने ठरवू नका. नवशिके इथेच चुकतात.

तक्रार असेल तर गिळा. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांनी ती मोठ्याने मांडली होती. लष्कर बोलवावे लागले, संघटना गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून खात्यात शिस्त आहे असे म्हणतात. अर्थात खालून आलेले सगळेच वाया जाते असे नाही: २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, आणि त्याचा आराखडा एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडला होता. २०२१ मध्ये महिलांसाठी आठ तास जाहीर झाले. ‘जाहीर’ हा शब्द नीट ऐका. सण, सभा, मोर्चा आणि मॅच सोडून उरलेल्या दिवसांत आठ तासांना कोणाची हरकत नसते. साप्ताहिक सुट्टी घरी सांगू नका, म्हणजे रद्द झाल्यावर घरच्यांचा विरस होणार नाही. आणि साहेबांच्या बंगल्यावर नेमणूक झाली तर ती शिक्षा समजू नका. कुत्रा फिरवायला बंदुकीचा सराव लागत नाही हे खरे, पण सावधान मात्र तिथेही चालते.

आता ठाण्यातला पहिला दिवस. मदतनीस म्हणून तुम्हाला ठाणे अंमलदाराच्या शेजारी बसवतील. गळ्यातली पोत ओढून नेली म्हणून एक आजी येईल. पुस्तकात तुम्ही शिकलात की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी फिर्याद घ्यावी लागते. पुस्तक कपाटात ठेवा. आधी विचारा, पोत पुलाच्या अलीकडे ओढली की पलीकडे. पलीकडे असेल तर काम सोपे. अलीकडे असेल तर पावती मागा, पावती असेल तर साहेब बंदोबस्तात आहेत असे सांगा, आणि उद्या या म्हणा. हे म्हणताना आवाज करडा ठेवा. नऊ महिने तुमच्याशी जो वापरला तोच.

आजी तुम्हाला ‘साहेब’ म्हणेल. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटल्यामुळे जरा गोड वाटेल. तेवढ्यात फाटकाशी खऱ्या साहेबांची गाडी लागेल, नाशिकच्या अकादमीतून नुकताच आलेला, कदाचित तुमच्याहून दोन वर्षांनी लहान फौजदार. मग काय करायचे ते सांगायला नको. खुर्ची मागे सरकेल, टाच आपटेल, हात आपोआप वर जाईल. आजीला उठण्याचा त्रास पडणार नाही. तिला कोणी बसा म्हटलेलेच नसेल.