बार्शीकर काका, तुमच्या रिंगा का फसल्या

बार्शीकर काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. मग स्वतःच पुन्हा कांद्याच्या रिंगा करायला घेतल्या आणि त्यात चार दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, बघायला नात आली, तिनं हट्ट धरला, मुलानं दिवाळीत दिलेला एअर फ्रायर तुम्ही खोक्यातून काढला आणि माझी मे महिन्यातली ओनियन रिंग्जची कृती ‘अक्षरशः तशीच’ केली. पीठ जाळीतून खाली गळलं. जे वर राहिलं त्यावर पांढरे कोरडे डाग. आत कांदा लिबलिबीत. शेंगाचटणीचं डिप पाणीपाणी, आणि मुळात ‘शेंगाचटणीची असली विटंबना सोलापूरच्या बाईनं करावी?’ शेवटी काकूंनी उरलेल्या कांद्याची खेकडा भजी केली, ती पाच मिनिटांत संपली. तेव्हा हे यंत्र म्हणजे बिनतेलाचं सोंग, आणि मी कृती न करताच लिहिते.

शेवटच्या आरोपापासून सुरुवात करते. कृती मी केली होती. पण लिहिली तशी केली नव्हती, हे मला परवा कळलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच कृती समोर ठेवून, ओळ न् ओळ वाचत स्वयंपाक केला. ‘भज्याच्या पिठाइतपत सरसरीत बेसन भिजवा, रिंगा बुडवून जाळीवर ठेवा, वरून थोडा रवा भुरभुरा, १८० अंशावर १५ मिनिटं.’ तीन मिनिटांनी भांडं बाहेर ओढलं तर खाली बेसनाचं थारोळं आणि वर उघडे पडलेले कांदे. तुम्ही लिहिलंत त्याहून वाईट.

कारण साधं आहे. कढईत पीठ तेलाला लागलं की काही क्षणांत आवळतं, गळायला सवडच मिळत नाही. इथे तेल नाही, नुसती गरम हवा, आणि हवा उष्णता पोचवायला तेलापेक्षा कितीतरी हळू. पीठ आवळायच्या आधीच ओघळतं, उरलंसुरलं पंखा उडवतो. नावातच घोळ आहे म्हणा ना. फिलिप्सनं २०१० साली ‘एअरफ्रायर’ हे नाव बाजारात आणलं आणि तेच चिकटलं, पण आत तळणं काही होत नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा; म्हणजे छोटी, जोरात वारं फिरवणारी भट्टी. तेव्हा ‘सोंग’ हा शब्द मी नावापुरता मान्य करते, यंत्रापुरता नाही. भट्टीकडून भट्टीचं काम घ्यावं.

मे महिन्यात मात्र माझा हात सवयीनं वेगळंच करत होता. पीठ घट्ट होतं, रिंगा कोरड्या चुऱ्यात घोळवून दाबल्या होत्या, चुऱ्याला तेल चोळलेलं होतं. लिहिताना त्या सगळ्याचं ‘थोडा रवा भुरभुरा’ झालं. चूक माझी, आणि मूळ कृती आज दुरुस्त केली आहे.

दुसरी चूक जरा खोल आहे. मी नुसतं ‘दोन मोठे कांदे’ लिहून मोकळी झाले. कोणते, ते लिहिलंच नाही. मे महिन्यात आपल्याकडे घरात असतो तो उन्हाळी, गरवा कांदा. वाळवलेला, घट्ट, टिकणारा. तुम्ही केल्यात जानेवारीत. जानेवारीत हैदराबाद रस्त्यावर बाजार समितीकडे कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते, ती खरिपाच्या लाल, हळव्या कांद्याची. रसरशीत, चवीला झणझणीत, पण अंगात पाणी फार. मंगळवार बाजारातली मावशी पोतं उपसताना सांगतेच, ‘वैनी, ह्यो ठिवायचा नाही, आठ दिसात खाऊन टाकायचा.’ ती टिकाऊपणाबद्दल बोलत असते, पण रिंगांचंही उत्तर त्यातच आहे.

माझ्या माळ्यावरच्या टोपलीत गेल्या उन्हाळ्यातले सात-आठ कांदे उरले होते, दोघांना कोंब फुटलेले. त्यातला एक धडका घेतला, एक बाजारातला लाल घेतला, दोन्हींच्या बोटभर जाडीच्या चकत्या केल्या. लाल कांदा कापताना सुरीच्या पात्यावरून रस ओघळून पाटावर आला. जुन्या पंच्यावर दोन्ही पसरून दहा मिनिटांनी उचलले, तर लालखाली गोल गोल ओले ठसे, अगदी कपबशी ठेवल्यासारखे. गरव्याखाली पंचा जवळपास कोरडा. त्याच पिठात, त्याच चुऱ्यात घोळवून दोन्ही एकाच वेळी लावल्या. गरव्याच्या कुरकुरीत. लालच्या वरून बऱ्या दिसल्या, पण पहिल्या घासाला आतला कांदा सुळकन बाहेर आला आणि हातात पोकळ बांगडी राहिली.

हा सुळकन प्रकार थांबवायला एक गोष्ट फार उपयोगी पडते. रिंग सुटी केली की तिच्या आतल्या अंगाला कांद्याचा पारदर्शक पापुद्रा असतो. नखानं एक टोक उचलायचं आणि गोल ओढत काढायचा. बहुतेक वेळा अख्खा निघतो. त्या गुळगुळीत पापुद्र्यावर पीठ धरत नाही. काम किचकट आहे, नातीला बसवा. माझ्या मुलाला यात विलक्षण आनंद मिळतो, का ते विचारू नका.

मग लाल कांद्याच्या करायच्याच नाहीत का? करायच्या, पण मीठ कांद्याला अजिबात लावायचं नाही, ते चुऱ्यात घालायचं. काकूंच्या खेकडा भजीत नेमकं उलटं चालतं: कांद्याला मीठ चोळून पाणी सुटू द्यायचं आणि त्याच पाण्यात बेसन भिजवायचं. तिथे पाणी हवंच, इथे ते वैरी. रिंगा अर्धा तास पंख्याखाली कपड्यावर पसरा, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा, पाच मिनिटं थांबा, ओलसर दिसल्या की पुन्हा घोळवा.

पुढचं पीठ: चार चमचे मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि लागेल तेवढं दाट ताक. बोट बुडवून वर काढलं तर थर बोटावर राहावा आणि थेंब विचार करत पडावा. चुऱ्यासाठी मी बाजारचे ब्रेडक्रम्ब्स आणत नाही, आपली ज्वारीची कडक भाकरी आहे की! दोन भाकरी हातानं मोडून मिक्सरला दोनच फेरे, जाड रव्याइतक्या. पीठ होऊ देऊ नका. त्यात दीड चमचा तेल चोळा, मीठ-तिखट घाला आणि कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. तुमचे पांढरे डाग म्हणजे तेल न लागलेलं कोरडं पीठ. वाऱ्यात त्याला रंग येत नाही. चुरा आधीच तेल प्यायलेला आणि थोडा परतलेला असला, तर आठ-नऊ मिनिटांत काम होतं. रिंग पिठातून काढून चुऱ्यात दाबा आणि ताटात मांडून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

फ्रायर रिकामा २०० अंशावर पाच मिनिटं तापवा. माझे १८० अंश आणि १५ मिनिटं विसरा, तेवढ्यात कांदा आपल्याच वाफेत शिजतो. एकच थर, रिंगा एकमेकींना न चिकटता. पाच मिनिटांनी उलटा, ब्रशनं तेलाचा हात फिरवा, आणखी तीन-चार मिनिटं. तुमचं यंत्र माझ्यापेक्षा लहान-मोठं असेल, म्हणून आधी दोनच लावून बघा.

आता विटंबना. काका, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही, हे तुम्ही बार्शीत बसून कधी खाल्लं नसेल यावर माझा विश्वास नाही. मी तेच वाटीत कालवलं आणि डिप म्हटलं, एवढाच गुन्हा. पातळ झालं त्याचं कारण मात्र खरं: साधं दही घेतलंत (मी ‘घट्ट दही’ एवढंच लिहिलं होतं) आणि चटणीतल्या मिठानं त्याला पाणी सुटलं. दही तासभर फडक्यात टांगा. त्या चक्क्याचे चार चमचे, चटणी दोन चमचे, चिमूटभर साखर. चटणी उखळात कुटलेली, मुठीत दाबली की गोळा होणारी हवी. मिक्सरमधली भुकटी नको. आणि रिंगा ताटात आल्यावरच कालवा. आधी कालवून ठेवलंत तर शेंगदाणा ओल पिऊन फुगतो आणि डिपची उसळ होते.

खेकडा भजी पाच मिनिटांत संपली, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही संपली असती.

राहता राहिली तुमची ती जाळी, जिला चिकटलेलं बेसन ‘अजून निघालेलं नाही’. सुरीनं खरवडू नका, तारेची घासणी लावू नका, वरचा लेप जातो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी मऊ स्पंजनं निघेल. आमच्या जाळीवर एक लांब चरा आहे. तो माझाच, पण घरात आजवर त्याचा आळ मुलावर आहे, तेव्हा हे वाचून त्याला काही कळवू नका.